शास्त्रज्ञांची चरित्रे आणि माझी लाल शाई

दरवर्षी २८ फेब्रुवारीला आमच्या हायस्कुलात विज्ञान दिन होतो. सकाळी मुलांच्या प्रयोगांचे प्रदर्शन आणि दुपारी वक्तृत्व स्पर्धा, हा ठरलेला कार्यक्रम. मुख्याध्यापक या नात्याने पहिल्या रांगेत बसून ती भाषणे ऐकण्याचा योग मला गेली अनेक वर्षे येतो आहे. गेल्या फेब्रुवारीत नऊ मुले बोलली. विषय होता 'माझा आवडता शास्त्रज्ञ'. शास्त्रज्ञ वेगवेगळे होते, भाषण मात्र एकच होते. जन्म गरिबीत, बालपण हालात, अभ्यास रस्त्यावरच्या दिव्याखाली, मग एके दिवशी अचानक शोध, मग जगभर कीर्ती आणि शेवटी 'अशा या थोर शास्त्रज्ञाला माझे कोटी कोटी प्रणाम'. रस्त्यावरचा तो दिवा तर सहा भाषणांत होता. त्याच्याखाली ईश्वरचंद्र विद्यासागर बसले, विश्वेश्वरय्या बसले आणि एका उत्साही वक्त्याने न्यूटनलाही तिथेच नेऊन बसवले.

सभागृह हसले, मीही हसलो. पण घरी जाताना मनाला रुखरुख लागली. दोष मुलांचा नव्हता. त्यांनी ज्या पुस्तकांतून भाषणे उतरवली ती पुस्तके आमच्याच ग्रंथालयातली आणि त्यांतली निम्मी मीच निवडून आणलेली. किशोरवयीन मुलांसाठी मराठीत शास्त्रज्ञांची जी चरित्रे लिहिली जातात, त्यांत काय येते, काय गळते आणि जे गळते त्याने काय बिघडते, हे एकदा नीट तपासावे असे तेव्हा वाटले. हा लेख म्हणजे ती तपासणी. तिच्यात माझी स्वतःची एक चूकही यायची आहे. तिच्याशिवाय हा विषय माझ्या इतका जिव्हारी लागला नसता.

संतांचा साचा

आपल्या भाषेत चरित्र हा प्रकार संतांच्या अंगणात वाढला. माझ्या लहानपणी आमच्या घरी चातुर्मासात महिपतींचा 'भक्तविजय' वाचला जाई. आजी डोळे मिटून ऐके आणि चमत्काराची जागा आली की तिचे हात आपोआप जोडले जात. त्या ग्रंथांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. ऐकणाऱ्याच्या मनात भक्ती उत्पन्न करणे हे त्यांचे प्रयोजन आहे आणि ते प्रयोजन ते उत्तम साधतात.

घोटाळा झाला तो पुढे. शास्त्रज्ञांची चरित्रे लिहायची वेळ आली तेव्हा आपण तोच साचा उचलला. संताच्या जागी शास्त्रज्ञ बसवला, छळणाऱ्यांच्या जागी गरिबी बसवली आणि चमत्काराच्या जागी शोध बसवला. साचा तोच राहिल्याने परिणामही तोच झाला: मूल हात जोडते. परंतु शास्त्रज्ञाच्या चरित्राचे प्रयोजन हात जोडायला लावणे हे असूच शकत नाही. 'हे याला कसे कळले?' असा प्रश्न मुलाच्या मनात उभा करणे, हे ते प्रयोजन. शेजारच्या कन्नडमध्ये शास्त्रज्ञाला 'विज्ञानी' म्हणतात. आपण 'शास्त्रज्ञ' म्हणतो, आणि शास्त्र म्हटले की आपल्या मनात आधी येते ते प्रमाण, ज्याच्यापुढे शंका काढायची नसते. शब्दाचा इतका परिणाम होत असेल की नाही हे विद्वानांनी ठरवावे, पण चरित्रे वाचताना मला तसे वाटते खरे.

न्यूटनच्या सफरचंदाचेच पाहा. मुलांच्या पुस्तकांत ते त्याच्या डोक्यावर पडते आणि पुढच्याच वाक्यात गुरुत्वाकर्षणाचा शोध लागतो. वस्तुतः या गोष्टीला आधार आहे. विल्यम स्टकली या त्याच्या तरुण मित्राने लिहून ठेवले आहे की १७२६ सालच्या एप्रिलमध्ये, जेवणानंतर बागेत सफरचंदाच्या झाडांखाली चहा घेत असताना, म्हाताऱ्या न्यूटनने स्वतःच ही आठवण सांगितली. तीत सफरचंद डोक्यावर पडत नाही, नुसते पडते. तरुण न्यूटन ते पाहतो आणि विचार करतो की हे नेहमी सरळ खालीच का येते, बाजूला किंवा वर का जात नाही.

आता यातले खरे चरित्र कुठे आहे? ते आहे मधल्या वर्षांत. प्लेगमुळे केंब्रिज विद्यापीठ १६६५ साली बंद झाले आणि न्यूटन आपल्या खेड्यातल्या घरी आला. सफरचंदाची आठवण त्या काळातली. 'प्रिन्सिपिया' हा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला १६८७ साली. मध्ये वीस वर्षांहून अधिक काळ गेला. सफरचंदाला ओढणारे बळ चंद्रापर्यंत पोचते का, हा त्याचा प्रश्न होता. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून पृथ्वीच्या सुमारे साठ त्रिज्यांइतका दूर आहे. अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात ओढ कमी होत असेल, तर तिथे ती ३६०० पटींनी कमी असायला हवी. सफरचंद पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर खाली येते. त्याला ३६०० ने भागले की दीड मिलिमीटरहून किंचित कमी येते. चंद्र आपल्या सरळ वाटेवरून पृथ्वीकडे एका सेकंदाला तेवढाच झुकतो. हा भागाकार आठवीतले मूल पाटीवर करू शकते. तो करून पाहिल्यावर त्या मुलाच्या चेहऱ्यावर जो आनंद येतो, तो डोक्यावर पडलेल्या सफरचंदाने कधी येत नाही. पुस्तकांनी पान खर्च केले ते सफरचंदावर. भागाकार गाळला आणि वीस वर्षेही गाळली.

कार्व्हर आणि आमच्या शेंगा

वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' १९८१ साली प्रसिद्ध झाले. मी तेव्हा हायस्कुलात होतो. आमच्या गावातल्या वाचनालयात त्याची एकच प्रत होती आणि ती मिळवण्यासाठी मी ग्रंथपालांच्या कितीतरी खेपा घातल्या. गुलामीत जन्मलेला, आईपासून तुटलेला, एका घोड्याच्या बदल्यात परत आणलेला तो मुलगा आम्हा पोरांना आपल्या आळीतला वाटू लागला. तेव्हापासून त्या पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. मराठी घरांत अमेरिकेतला एक कृष्णवर्णीय कृषिशास्त्रज्ञ घरच्यासारखा झाला, याचे श्रेय त्या एका पुस्तकाचे आहे. शास्त्रज्ञाचे चरित्र मराठीत एवढे वाचले जाऊ शकते, हे त्याने सिद्ध केले.

योगायोग असा की त्याच १९८१ साली अमेरिकेत लिंडा मॅकमरी या इतिहासाच्या अभ्यासक बाईंचे कार्व्हरवरचे पुस्तक निघाले. त्यांनी कागदपत्रे तपासून दाखवले की कार्व्हरभोवती त्याच्या हयातीतच दंतकथेचे वलय तयार झाले होते. शेंगदाण्यापासून शेकडो पदार्थांचे शोध लावणारा जादूगार, ही प्रतिमा त्या वलयातली. त्याच्या नावावर पेटंटे होती तीन. शेंगदाण्याच्या लोण्याचा शोध त्याने लावला असे आपल्याकडे भाषणांत सर्रास ठोकून देतात. पण मार्सेलस एडसन याला शेंगदाण्याच्या लगद्याचे पेटंट मिळाले ते १८८४ साली, म्हणजे कार्व्हर टस्कीगीला जाण्याच्या बारा वर्षे आधी.

हे वाचल्यावर, मी कबूल करतो, माझ्यातला तेरा वर्षांचा मुलगा हिरमुसला. पण पुढे वाचत गेलो तसा कार्व्हर कमी न होता वाढतच गेला. कापसाने चोपून काढलेली अलाबामातली जमीन, कर्जात बुडालेला गरीब कास्तकार, खत विकत घ्यायला गाठीला पैसा नाही. अशा माणसाला कार्व्हर सांगत होता की शेंगा लाव, चवळी लाव, रताळी लाव. १९०६ पासून टस्कीगीची एक गाडी अवजारे आणि बियाणे घेऊन खेडोपाडी फिरू लागली, म्हणजे शाळाच शेताच्या बांधावर गेली. १९१६ साली त्याने शेंगा कशा पिकवाव्यात आणि त्यांचे खाण्याचे १०५ प्रकार कसे करावेत, याची पुस्तिका काढली. त्यातल्या पाककृती सगळ्या त्याच्या स्वतःच्या नव्हत्या, कित्येक इतरांकडून गोळा केलेल्या होत्या. पण शेतकऱ्याने शेंगा लावल्या आणि त्यांना गिऱ्हाईक नसेल तर त्याने त्या निदान घरात खाव्यात, हा त्यामागचा विचार होता. शेकडो शोधांपेक्षा हा विचार मला मोठा वाटतो.

आमच्या भागात मराठी आणि कन्नड या दोन भाषांचे पुष्कळ बाबतींत जमत नाही. भुईमुगाला मात्र दोन्ही भाषांत शेंगाच म्हणतात. एका पावसाळ्यात सातवी-आठवीच्या मुलांना घेऊन मी गावाबाहेरच्या शेतात गेलो, मालकाला विचारून एक वेल उपटला आणि मुळांवरच्या बारीक गाठी दाखवल्या. या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात, म्हणून शेंगांनंतर जमिनीला बळ येते, हे सांगितले. शेतमालक कन्नडभाषक होता. तो म्हणाला, "सर, नमगे हे आज्यानं सांगितलं होतं. गाठीत काय असतं ते आज कळलं." कार्व्हरचे चरित्र त्या दिवशी जसे शिकवले गेले तसे वर्गात मी कधी शिकवू शकलो नव्हतो. चांगल्या चरित्राची माझी कसोटी हीच आहे. दंतकथा काढून घेतल्यावर काही उरते का? कार्व्हरचे उरते. मग आपण मुलांना दंतकथाच का वाटत बसतो?

एक अभियंता, दोन कपाटे

आमच्या ग्रंथालयात मराठीचे एक कपाट आहे आणि कन्नडचे एक. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या दोन्ही कपाटांत आहेत. काटेकोर अर्थाने ते शास्त्रज्ञ नव्हेत, अभियंते. पण मुलांच्या पुस्तकांत ते याच पंगतीला बसतात. मी दोन्हीकडची छोटी चरित्रे शेजारी ठेवून वाचली. मराठी कपाटातले विश्वेश्वरय्या पुण्यात शिकतात, १८८३ साली अभियांत्रिकीची परीक्षा उत्तीर्ण होतात, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागतात आणि १९०३ साली खडकवासल्याला आपोआप उघडमीट करणारे दरवाजे बसवतात. मग ते अंधुक होतात. कन्नड कपाटातले विश्वेश्वरय्या मुद्देनहळ्ळीत जन्मतात, बघता बघता म्हैसूरला पोचतात, कावेरीवरचे कृष्णराजसागर उभारतात, १९१२ ते १९१८ दिवाण राहतात. पुण्याची वर्षे दोन ओळींत संपतात. मुसा नदीच्या १९०८ च्या महापुरानंतर हैदराबादसाठी त्यांनी केलेली आखणी तर दोघांनाही फारशी आठवत नाही.

दोन्ही कपाटांत सारखी असते ती मेणबत्तीची गोष्ट. सरकारी काम संपले म्हणून सरकारी मेणबत्ती विझवली आणि स्वतःच्या कामासाठी स्वतःची पेटवली. हीच गोष्ट चाणक्याच्या नावावरही सांगतात. गोष्ट चांगली आहे, तिचा बोधही चांगला आहे. पण ती विश्वेश्वरय्यांची ओळख नव्हे. खडकवासल्याचे दरवाजे ही त्यांची ओळख आहे. प्रश्न असा होता की धरणाची भिंत न वाढवता अधिक पाणी कसे साठवायचे. सांडव्यावर दरवाजे बसवावेत तर पूर आल्यावर ते वेळेवर उघडणार कोण? पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले की त्याच पाण्याच्या बळाने दरवाजे उघडावेत आणि पूर ओसरला की मिटावेत, ही युक्ती त्यांनी काढली. यात सचोटी आहे, बुद्धी आहे आणि शेतकऱ्याच्या पाण्याची काळजीही आहे. मेणबत्ती लागतच नाही.

इथे आपल्यासारख्या दोन भाषांच्या गावांत राहणाऱ्या कुटुंबांना एक सोय आहे, जी पुण्या-मुंबईच्या मुलांना नाही. आपली मुले दोन्ही कपाटे उघडू शकतात. एकाच माणसाची दोन चरित्रे वाचून त्यांतला फरक ओळखू शकतात. चरित्रकार काय निवडतो आणि काय सोडतो, हे ज्याला तेराव्या वर्षी कळले, त्याला पुढे कोणतेही पुस्तक सहजासहजी फसवू शकणार नाही. दोन भाषांचे ओझे म्हणून आपण कुरकुरतो. त्याचा हा लाभ आपण घेतच नाही.

खोडलेला परिच्छेद

आता माझी चूक. गेल्या विज्ञान दिनाच्या आठवडाभर आधी आठवीतली एक मुलगी आपले भाषण मला दाखवायला आली. तिने कमला सोहोनी निवडल्या होत्या. मला आनंद झाला. कमलाबाई मूळच्या भागवत. १९११ साली इंदूरला जन्मलेल्या, दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांना त्यांचा अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट. १९३३ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत पहिल्या आल्या. वडील आणि काका दोघेही बंगळूरच्या विज्ञान संस्थेचे विद्यार्थी, तेव्हा तिथेच पुढे शिकायचे त्यांनी ठरवले. संस्थेचे संचालक होते चंद्रशेखर वेंकट रामन. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, अर्जदार स्त्री आहे. कमलाबाई थेट त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही, काम पसंत पडले तरच पुढचा विचार होईल आणि त्यांच्यामुळे तिथल्या पुरुषांचे लक्ष विचलित होता कामा नये.

मुलीने हे सगळे तिच्या सरळ शब्दांत लिहिले होते. मी वाचले, आणि लाल पेनाने तो परिच्छेद खोडला. म्हणालो, "बाळ, विज्ञान दिन हा रामन यांच्या शोधाचा दिवस. त्याच दिवशी त्यांच्याविषयी असे बोलणे बरे दिसत नाही. कमलाबाईंच्या केंब्रिजच्या पदवीवर भर दे."

तिने तसेच केले. भाषण छान झाले, तिला दुसरा क्रमांक मिळाला. संध्याकाळी खुर्च्या उचलताना ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "सर, कमलाबाई पहिलं वर्ष नियमित नव्हत्या असं मी म्हटलं. पण का, ते सांगितलंच नाही. ऐकणाऱ्यांना वाटलं असेल, त्यांना मार्क कमी असतील."

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. रात्री झोप लागली नाही. बाईंच्या वाट्याला आलेला अन्याय तर मी लपवला होताच. शिवाय त्या अन्यायाचा दोष नकळत त्यांच्याच पदरात टाकला होता. खोडलेल्या परिच्छेदाची जागा कधी रिकामी राहत नाही. ऐकणारा ती आपल्या समजुतीने भरतो आणि ती समजूत बहुधा दुबळ्याच्या विरुद्ध जाते.

मी रामन यांचा मान राखायला गेलो होतो. तोही राखला गेला का? २८ फेब्रुवारी १९२८ चे त्यांचे काम इतके मोठे आहे की त्याला माझ्या लाल शाईचे संरक्षण नको. कलकत्त्यात त्यांनी आणि कृष्णन यांनी केलेल्या सुरुवातीच्या प्रयोगांतली युक्ती मुलांना समजावी इतकी सोपी आहे. सूर्यप्रकाश एका रंगाच्या काचेतून गाळून द्रवावर सोडायचा आणि द्रवातून विखुरलेला प्रकाश पूरक रंगाच्या काचेतून पाहायचा. पहिल्या काचेने जे जाऊ दिले ते दुसरी पूर्ण अडवते. म्हणजे काहीच दिसू नये. पण अंधुक प्रकाश दिसला. याचा अर्थ द्रवात शिरताना आणि बाहेर पडताना प्रकाशाचा रंगच थोडा बदलला होता. आमच्या नऊ भाषणांत रामन यांच्यावरची तीन होती. एकातही या दोन काचा नव्हत्या आणि कृष्णन यांचे नावही नव्हते.

तीच नजर, जी द्रवातला अंधुक प्रकाश ओळखू शकली, ती समोर उभ्या असलेल्या बावीस वर्षांच्या हुशार मुलीला ओळखू शकली नाही. हे दोन्ही खरे आहे. आणि तिसरेही खरे आहे: वर्षभराचे काम पाहून रामन यांनी आपले मत बदलले. पुढे संस्थेत मुली येऊ लागल्या. १९४० साली अ‍ॅना मणी त्यांच्याच प्रयोगशाळेत काम करू लागल्या आणि नंतर भारतीय हवामानशास्त्रात मोठ्या झाल्या. कमलाबाईंनी १९३९ साली वनस्पतींमधल्या सायटोक्रोम सी या द्रव्यावरच्या कामासाठी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. मात्र तो अपमान त्या उतारवयातही विसरल्या नव्हत्या आणि तसे त्यांनी उघड बोलून दाखवले होते. पुराव्यापुढे मत बदलणे ही शास्त्रज्ञाची सर्वांत मोठी खूण. मी तो परिच्छेद खोडला तेव्हा रामन यांच्या चरित्रातली ही खूणही खोडून टाकली.

फळ्यावरचे आव्हान

याच्या उलट उदाहरण म्हणून जयंत नारळीकरांचे 'चार नगरांतले माझे विश्व' मी मुलांच्या हाती आवर्जून देतो. ही नगरे म्हणजे बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे. कोल्हापुरात जन्मलेला, शाळेत हिंदी आणि घरात मराठी बोलत वाढलेला हा मुलगा आपल्या वाचकांना परका वाटणार नाही. त्यांनी अनेकदा सांगितलेली एक आठवण आहे. घरात राहायला आलेले मोरूमामा फळ्यावर गणिताचे एखादे कोडे लिहून ठेवत, भाच्यासाठी आव्हान म्हणून. भाच्याला ते सुटेपर्यंत किंवा तो हार मानेपर्यंत कोडे फळ्यावरच राही. या आठवणीत गरिबी नाही, दिवा नाही, चमत्कार नाही. एक फळा आहे, एक प्रश्न आहे आणि हार मानण्याची मुभाही आहे. शास्त्रज्ञ कसा घडतो हे मला याहून कमी शब्दांत सांगता येणार नाही.

२० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. त्यानंतर मुलांच्या तोंडी एक वाक्य येऊ लागले आहे, 'त्यांनी आइन्स्टाइनला आव्हान दिले'. वाक्य टाळ्यांचे आहे. पण विश्वाचा आरंभ महास्फोटाने झाला हा विचार बहुतेक शास्त्रज्ञांनी स्वीकारला. १९६५ साली सापडलेले, सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मलहरींचे प्रारण हा त्याचा मोठा आधार ठरला. नारळीकर मात्र फ्रेड हॉइल यांच्या बरोबरीने वेगळ्या मताचे राहिले आणि १९९३ साली त्यांनी आपल्या पक्षाची सुधारलेली मांडणीही केली. ती मांडणी शास्त्रज्ञांमध्ये अल्पमतातच राहिली. आपल्या माणसाविषयी हे मुलांना सांगावे की नाही? मला वाटते, सांगावेच. तर्क आणि निरीक्षण यांच्या जोरावर एकटे उभे राहता येते, आणि एकटे उभे राहिलेल्या मोठ्या माणसाचे म्हणणेही जगाने तपासूनच घ्यायचे असते, या दोन्ही गोष्टी त्या एका चरित्रातून शिकता येतात. नुसत्या टाळ्यांनी दोन्ही हुकतात.

लिहिणाऱ्यांना आणि प्रकाशकांना माझे मागणे मोठे नाही. मुलांच्या पुस्तकाला ऐंशी पाने असतील तर त्यांतली दहा तरी प्रत्यक्ष कामाला द्या: प्रश्न काय होता, किती वर्षे लागली, कुठे चुकले, बरोबर कोण होते. दोष दिसला तर झाकू नका, उगाळूही नका. जिथे घडला तिथे सांगा. आणि आम्हा शिक्षकांना मागणे एवढेच की हातातले लाल पेन शुद्धलेखनापुरते ठेवा.

ती मुलगी आता नववीत आहे. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी मी तिला बोलावले, तिचा तो जुना कागद परत दिला आणि सांगितले, "मी खोडलं ते चुकलं. येत्या फेब्रुवारीत हेच भाषण पूर्ण कर." ती जरा वेळ कागद पाहत राहिली. मग म्हणाली, "सर, पण यात माझीपण एक चूक आहे. मी कमलाबाईंना विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हटलंय. कन्नडच्या कपाटात मला जानकी अम्मल सापडल्या. उसावर काम केलेल्या. त्यांना अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट १९३१ सालीच मिळाली होती."

मी काही बोलायच्या आत तिने दप्तरातून आपले निळे पेन काढले आणि 'पहिली' हा शब्द स्वतःच्या हाताने खोडला.